नरसाळं, चाडं, फनेल

दुकान जुनं झालं की भंगारासारखे किस्सेही साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण कोपरा झाडायला घेतला की एखादा हाताला लागतोच! शिरपुरात आमचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. मालक नाना, त्यांची बायको म्हणजे सगळ्या बाजाराच्या अक्का, आणि वेल्डिंगपासून वसुलीपर्यंत सगळं बघणारा मी. आमचे निम्मे किस्से एकाच वस्तूत अडकलेत. डिझेल ओततात ते नरसाळं, पेरताना बी सोडतात ते चाडं, आणि कंपनीवाले बोलतात ते फनेल!

* * *

एकदा एका कंपनीचे साहेब ट्रेनिंग द्यायला आले. भिंतीला पांढरा बोर्ड टेकवला, त्यावर मोठं नरसाळं काढलं.

"हे सेल्स फनेल! वरून ढीगभर गिऱ्हाईकं आत येतात, खालून मोजकीच बाहेर पडतात."

नाना बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "मंग बाकीना कोठे जातस, भाऊ?"

साहेब हसले. मी हसलो. नाना मात्र हसले नाहीत. साहेबांनी पुन्हा एकदा बोर्डाकडे नीट बघितलं आणि जेवणाआधीच ट्रेनिंग आटोपलं.

* * *

सातपुड्याच्या पायथ्याचा एक शेतकरी पेरणीच्या पाभरीवरचं लाकडी चाडं परत घेऊन आला. आमच्याकडूनच नेलेलं, चांगलं सागवानी.

"भोकं बुजली का?" मी विचारलं.

"नही. बी बराबर पडस."

"मग तक्रार काय?"

त्यानं चाडं काउंटरवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरला. "आम्ही मूग पेरा व्हता, नाना. जवारी उगनी!"

बियाण्याची पिशवी बदलली असेल, असं मी म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं, पण चाडं काही परत उचललं नाही. नानांनीही ते शेल्फवर ठेवू दिलं नाही.

* * *

गेल्या हिवाळ्यात नानांना लकवा झाला. हातपाय वाचले, वाचा गेली. दिवसभर बडबडणारा माणूस एकदम गप्प! अक्कांना दुसरं काही नको होतं, त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता.

दवाखान्यात नाकात नळी घातली. सिस्टर म्हणाल्या, "पातळ पेज फनेलनं द्यायची, फनेल आणा." अक्का तडक दुकानात आल्या आणि ट्रॅक्टरचं पत्र्याचं नरसाळं घेऊन वॉर्डात हजर!

सिस्टर किंचाळल्याच. अक्का म्हणतात, "नवं शे वं माय, डिझेल लागेल नही त्याले!"

अख्खा वॉर्ड हसला. नानांचेही खांदे हलले, पण आवाज फुटला नाही. अक्का तेवढ्यात पदराने डोळे पुसून मोकळ्या झाल्या. मला ते बघवलं नाही.

* * *

घरी आल्यावर नाना अशक्तपणामुळे घरापुढच्या दुकानातच खाटेवर पडून असायचे. वर आढ्याला नरसाळी टांगलेली. वारा सुटला की ती घुमतात, त्याची आम्हाला सवय आहे.

एका दुपारी मात्र समोरच्या लिंबाचं पानही हलत नव्हतं. आणि सगळ्यात मोठं नरसाळं घुमायला लागलं. एकटंच! लांबून कुणी साद घालावी तसं.

अक्का आतून धावत आल्या. "तुम्ही हाक मारी का?"

नाना गाढ झोपले होते. मी स्टूलवर चढून नरसाळं धरलं, तर आवाज थांबला. हाताला ते कोमट लागलं. मी ते गोणपाटात गुंडाळलं आणि अक्कांना चहा टाकायला सांगितलं.

* * *

नानांची घरची शेतीही आहे, आणि तिथे पेरणीची एक रीत. पाभरीला बैल जुंपले की नानांनी "धर मूठ" म्हणायचं, मग अक्कांनी चाड्यावर मूठ धरायची आणि बी सोडायचं. त्याआधी दाणा पडायचा नाही.

यंदा पाऊस झाला, जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला, शेजारची शेतं पेरून झाली. अक्का हटून बसल्या. नानांना म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मंगच मूठ धरसू." मी समजावलं, त्यांच्या बाहेरगावच्या पोरांनी फोनवरून समजावलं. जमीन सुकत चालली होती, पण ऐकतील त्या अक्का कसल्या!

शेवटी नानांना खुर्चीसकट बांधावर नेलं. बैल जुंपले. अक्कांनी बियाण्याची ओटी बांधली, मूठ भरली आणि चाड्याच्या वर हात धरून उभ्या राहिल्या. नजर नानांच्या ओठांवर. ओठ नुसते थरथरत होते. बैलांनी कान टवकारले.

आणि चाड्यातून, खालच्या नळ्यांमधून, मातीतून यावा तसा आवाज आला.

"धर मूठ."

अक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी मूठ सोडली, दाणे खडखडत खाली गेले, बैल आपोआप चालायला लागले. "बोलले! नाना बोलले!" असं ओरडत मी बांधाकडे पळालो.

नाना खुर्चीचे हात घट्ट धरून पाभरीकडे बघत होते. चेहरा पांढराफटक. ओठ हलले, आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला.

"कोन बोलनं?"