कागदाला शाबासकी

परचुरेबाई कागदाचं वजन करायला बसल्या की आधी पंखा बंद व्हायचा, मग खिडकी आणि शेवटी आम्ही. "श्वास धरा," एवढंच त्या म्हणायच्या. काट्याच्या काचपेटीतला तो पांढरा गोल कागद इतका हलका असायचा की समोरच्याच्या उसाशानेसुद्धा आकडा हलायचा. पहिल्याच दिवशी मला शिंक आली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "अमरावतीला शिंका परवानगी न घेता येतात का?"

मी तिथून एम.एस्सी. करून पुण्यात आले होते आणि बाईंच्या प्रकल्पावर मदतनीस होते. बरोबरच्या मैत्रिणी संगणकाचे क्लास लावून भराभर आयटी कंपन्यांत शिरत होत्या. मी मात्र सायकलवाल्यांच्या नाकात किती धूळ जाते ते मोजत होते. बाई रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. वय पंचावन्नच्या पुढे, पर्समध्ये दम्याचा पंप, तरी कसबा पेठेतून कॉलेजात सायकलवरच यायच्या. स्कूटर घ्या म्हटलं की म्हणायच्या, "म्हणजे माझा धूर दुसऱ्याने प्यायचा."

काम साधं होतं. हवा ओढणारं डब्याएवढं यंत्र कॅरिअरला बांधायचं, त्याची नळी सायकलवाल्याच्या कॉलरपाशी आणायची आणि नळीच्या तोंडाशी कागद बसवायचा. प्रवास संपला की जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ. सोलापूर रस्त्यासाठी आमच्याकडे एकच माणूस होता, बबनराव. लोणी काळभोरहून हडपसरच्या कारखान्यात रोज सायकलने येणारे फिटर. तो रस्ता रुंद व्हायचा होता. कडेची सायकलपट्टी झाडांपलीकडे सरकवून वाचवायची की मोटारींना देऊन टाकायची, हे शनिवारी महापालिकेच्या बैठकीत ठरणार होतं. बाईंना आकडे घेऊन बोलावलं होतं. पुन्हा कोणी बोलावेल अशी आशा नव्हती.

बबनरावांचे कागद सगळ्यांत काळे निघत. कारखान्याच्या फाटकावर ते घ्यायला मी जायचे आणि हरखून म्हणायचे, "वा बबनराव, काय मस्त काळा आलाय!" बैठकीच्या आठवड्यातल्या सोमवारी ते स्वतःच खुशीत म्हणाले, "ताई, नऊ दिस झालं, युक्ती घावलीय मला. बस थांबली की आपण बी तिच्या मागं थांबायचं. तुमाला पायजेल तसा कागद येतो."

नऊ दिवस ते माझ्या एका 'वा'साठी धूर खात होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं आणि पट्टीही वाचली असती. दुपारपर्यंत मी कागदांच्या पाकिटांवर तारखा घालत बसले. मग राहवेना, बाईंना सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "कागदाला शाबासकी द्यायची नसते," एवढंच म्हणाल्या आणि नऊच्या नऊ पाकिटांवर आडवी रेघ मारली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उद्यापासून मी त्यांच्याबरोबर येते. नाहीतर आता लाजेपोटी ते धूर चुकवत शेतातून येतील."

मंगळवारपासून बाई टेम्पोत सायकल टाकून लोणीला जाऊ लागल्या आणि बबनरावांच्या मागोमाग सायकलवर येऊ लागल्या. गुरुवारी वेळ उलटून अर्धा तास झाला तरी दोघांचा पत्ता नव्हता. फाटकावर उभी राहून मी येणारी प्रत्येक सायकल पाहत होते. शेवटी बबनराव दोन्ही सायकली ढकलत येताना दिसले. बाई कॅरिअरला धरून चालत होत्या. ओठ निळसर पडले होते, शब्द फुटत नव्हता, पण हात बबनरावांच्या कॉलरकडे गेला. आधी कागद काढ, असं त्या सांगत होत्या. मी म्हटलं, बाई, आता पुरे. दम्याचा पंप ओढून त्या म्हणाल्या, "शुक्रवार राहिलाय."

चार कागद झाले. काळे होतेच, पण त्या नऊंइतके नव्हते. बैठकीत कुणी विचारायच्या आधीच बाईंनी रद्द कागदांची हकिगत सांगून टाकली. अभियंता साहेब हसले. "म्हणजे तुमचा माणूस मुद्दाम धुरात उभा राहिला. सांगितलं कोणी त्याला?"

मी मान खाली घातली.

"आमच्या प्रयोगशाळेने," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. म्हणून ते कागद मी मांडलेले नाहीत."

बबनराव रजा टाकून आले होते. मागच्या रांगेतून उठले. "साहेब, नऊ दिवस मी मुद्दाम थांबलो, खरं हाय. त्याच्या आधी वीस वर्सं थांबलो, ते पुढं जायला जागा नव्हती म्हणून."

महिन्याभराने महापालिकेचं पत्र आलं, मोजमाप अपुरं आहे. पट्टी गेली. मी रडत म्हणाले, ते नऊ कागद दिले असते तर वाचली असती. "वाचली असती," बाई म्हणाल्या. "आणि एक दिवस कुणीतरी बबनरावांना खोटं पाडलं असतं. चला, पंखा बंद करा."

पुढे मीही आयटीत गेले. बाई गेल्याचं कळलं त्या सकाळी कसब्यात पोचले, तर बबनराव माझ्या आधी आले होते. लोणीपासून सायकलवरच. पांढऱ्या सदऱ्याची कॉलर काळी झाली होती. सवयीने माझी नजर तिकडे गेली, आणि मी काहीच बोलले नाही.