दादाच्या सायकलची राखण

सायकल दादाची होती. खाली वळलेल्या हँडलची, लालभडक, रेसची. कॉलेजात असताना तो तिच्यावरून आंबेनळी चढून गेला होता, आणि ही गोष्ट आमच्या वडिलांनी, आबांनी, वाडीभर इतक्यांदा सांगितली की घाट जणू त्यांनीच चढला होता. दादा नोकरीला मुंबईत गेला, सायकल पडवीत राहिली. सकाळी उठून आबा आधी ती पुसायचे. म्हशीचं शेण मी काढायचो, पण त्याचं कौतुक कोणाला?

पुढे मला महाडच्या एका शाळेत कारकुनी मिळाली. वाडीपासून पोलादपूर स्टँड पाच किलोमीटर, तिथून एसटी. आबांकडे सायकल मागितली. चार दिवस ते नुसती ती पुसत राहिले, मग "ने" म्हणाले.

मी सरळ हँडल लावलं, बसतील तेवढे जाड टायर चढवले, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, सगळं केलं. वर गोठ्याच्या दाराचा उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट फासला. चोराला मोह नको, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर दादाचा तो लाल रंग झाकला जाताना मला आतून गुदगुल्या होत होत्या.

तरी सायकल दिवसभर एसटी स्टँडामागे एकटी. म्हणून फणसाला बांधतो तशी राखण बांधली. देवीचं नाव घेऊन दांडीला काळा दोरा आणि बिब्बा. आमच्याकडे राखण दिसली की बांधणाऱ्याशिवाय कोणी हात लावत नाही. ज्याने बांधली, त्यानेच सोडायची.

गणपतीला दादा आला. सायकल बघून खो खो हसला. "पार गाढव केलंस रे हिचं! आण, पोलादपूरपर्यंत जाऊन येतो."

आबांचा चेहरा एकदम उजळला. ते सायकल काढायला गेले आणि दोरा बघून थबकले. "राखण हाय. सोड रे तेवढी."

मिनिटाचं काम. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत सोडता नाय येणार. देवीला तसं बोललोय."

असलं काही मी बोललो नव्हतो. दादा "बरं" म्हणाला, आणि विसर्जन झाल्यावर मुंबईला गेला.

त्याला एसटीत बसवून आल्यावर आबा सायकलपाशी उभे राहिले. "राखण चोरासाठी बांधतात रे, भावासाठी नाय," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. खोटं कशाला बोलू, आधी हेवाच वाटला. माझ्यासाठी त्यांचे डोळे कधी भरले नव्हते.