बेसण्यात म्हटलेलं ‘स्किडू’

हसणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे मी सुरुवातच करत नाही. कारण मी घोळ घातला तो लग्नात नाही, वाढदिवसाला नाही. थेट बेसण्यात!

बेसणं म्हणजे, आमच्या सुरतेत गुजराती घरात कुणी वारलं की ठरल्या वेळी सगळे भेटायला जातात, ते. पांढरे कपडे, हार घातलेला फोटो, हळू आवाजात भजन. जायचं, बसायचं, हात जोडायचे, निघायचं. यात चूक करायला जागा तरी कुठे आहे? मी शोधली.

वारले होते हेतलचे दादा, म्हणजे आजोबा. हेतल माझ्या वर्गात आहे. खरं सांगायचं तर माझी एकुलती एक मैत्रीण. मी कुणाशी फारसं बोलत नाही; तिच्याशी बोलते. दादा गेल्यापासून ती रडली नव्हती, कुणाशी बोलली नव्हती. माझा फोनही तिने उचलला नव्हता. ती आता कायमची अशीच राहिली तर? म्हणून मी एक वाक्य तयार केलं. आम्ही दोघी हिंदीतच बोलतो. "हेतल, मैं हूँ इधर." बस, एवढंच. रिक्षात रस्ताभर मी ते घोकत होते.

आई मात्र मला वेगळंच शिकवत होती. "निघताना 'येते' म्हणू नको हां. दुखवट्याच्या घरी पुन्हा येते म्हणत नाहीत."

"मग गुजरातीत 'आवजो' म्हणू?"

"अगं बाई, ते पण तेच ना! मुकाट्यानं निघायचं."

हेतल बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. मी समोर बसले. वाक्य घशापर्यंत आलं आणि परत खाली गेलं. तेवढ्यात आईने कोपर मारलं. निघायची वेळ झाली होती.

दारात हेतलचे काका हात जोडून उभे होते. अमेरिकेहून आलेले, डोळे लाल. मी मान खाली घालून सटकणार, तर ते म्हणाले, "थँक यू फॉर कमिंग, बेटा."

झाली का पंचाईत? 'येते' चालत नाही. 'आवजो' चालत नाही. 'सी यू' म्हणजे तर पुन्हा भेटूच! ज्यात येणं नाही, भेटणं नाही असा निरोप आणायचा कुठून?

आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाळेच्या ग्रंथालयात जुन्या अमेरिकन बोलीचं एक मळकं पुस्तक आहे. मधल्या सुट्टीत मी आणि हेतल ते वाचत बसतो. त्यात एक शब्द होता, 'स्किडू'. अर्थ: निघणे. नुसतं निघणे! शिवाय माणूस अमेरिकेचा. याहून योग्य काय असणार?

मी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "स्किडू, अंकल."

शब्द तोंडातून सुटला आणि मला पुस्तकातली खालची ओळ आठवली. वापर: नकोशा माणसाला हाकलताना. म्हणजे, चल फूट इथून!

पण काकांना काही कळलंच नाही. कसं कळणार? शंभर वर्षांपूर्वीचा शब्द. आता तिकडे कुत्र्यालाही कुणी असं म्हणत नसेल.

"मराठीमां आवुं कहेवाय?" मराठीत असं म्हणतात का, असं त्यांनी हळव्या आवाजात विचारलं. आईचं मराठी त्यांच्या कानावर पडलं असावं.

नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी मान डोलावली.

दादांचं लिंबायत वस्तीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुट्या भागांचं दुकान होतं. त्यामुळे आमच्या मागोमाग खानदेशी लूमवाले निघाले. पहिले आमच्या गल्लीतले निंबाकाका. मराठी माणसाला मराठीत निरोप द्यावा म्हणून हेतलच्या काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "स्किडू, भाई. स्किडू."

निंबाकाकांना वाटलं, अमेरिकेत असंच म्हणत असतील. "स्किडू, शेठ!" खणखणीत आवाजात. आणि मागच्याला म्हणाले, "तू पण म्हन रे. तिकडची पद्धत आहे."

मग काय, रांगच लागली! "स्किडू." "स्किडू." दुःखी माणसं एकमेकांना अत्यंत आदराने हाकलत होती. एकाने तर मागे वळून दादांच्या फोटोलाही म्हटलं.

"किती छान बोललीस गं," आई कानात कुजबुजली. "सगळे तुझंच म्हणताहेत."

मी घाबरत हेतलकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिला अर्थही माहीत होता आणि वापरही. तिने ओढणी तोंडात कोंबली. खांदे गदगदा हलायला लागले.

"रडी पडी! छोकरी छेवटे रडी पडी!" म्हणत तिची आत्या धावली. बायकांनी तिला कवेत घेऊन मोठ्याने गळा काढला. आणि मग हेतलचं हसू कुठे संपलं ते मला कळलंच नाही. "दादा, दादा" म्हणत ती खरंच रडू लागली. आईने मला ओढत बाहेर नेलं.

काही दिवसांनी हेतल शाळेत आली. माझ्या शेजारी बसली.

मग म्हणाली, "पूरे घर को भगा दिया तूने. मेरे दादा को भी." दप्तर उघडत म्हणाली, "और मेरे से एक शब्द नहीं बोली."

मी तोंड उघडलं. वाक्य अजून पाठ होतं. पण "हे..." एवढंच म्हटलं आणि मलाच हुंदका फुटला. असा, की सगळा वर्ग वळून बघू लागला. मॅडम धावत आल्या. त्या नवीन होत्या, त्यांना हेतलचे दादा गेल्याचं माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मला पाणी पाजलं आणि हेतलकडे वळून हळूच म्हणाल्या, "बेटा, तू ज़रा संभाल इसे. बेचारी के घर में कोई गुज़र गया है शायद."

"जी मॅडम," माझी पाठ थोपटत हेतल म्हणाली.