दिव्याचं तेल आणि बाबांचा उजवा कान

तुम्हाला वाटलं असेल, आता याच्या स्वप्नात देवी येणार, घंटा वाजणार, उजेड पडणार. तसलं काही नाही. आमच्याकडे आली ती एक म्हातारी, आणि मला वाटलं ही कुणाची तरी दलाल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा गुजराती मुलखात, पर्वत पाटियाजवळ लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कारागीर. शुगर होतीच, त्यात उजवा कान सडला. इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं, तोंड वाकडं व्हायला लागलं, त्या कानानं ऐकू येईना. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिक चालूच ठेवायचं, सोबत रोज ऑक्सिजनच्या बंद पेटीत झोपवायचं, नाहीतर माणूस हाती लागणार नाही. पेटी म्हणजे बॉयलरला काच बसवलेली. माझा पेटीवर संशय, डॉक्टरवर संशय, आईच्या नवसावर तर पहिल्यापासून. मला जमायच्या त्या नुसत्या नकला. बाबांच्या उजव्या बाजूला उभं राहून मी हळूच डॉक्टरची नक्कल काढायचो. वॉर्ड हसायचा, बाबांना पत्ता नसायचा.

नवरात्र होतं. पेटीवाल्या भाईनं रोजच्यासारखे बाबांचे खिसे तपासले, सुती कपडे घालायला लावले. आत सरकवणार, तेवढ्यात बाकावरची ती म्हातारी उठून बाबांना म्हणाली,

"भाई, दीवो करीने आव्या छो? तेलनी वास आवे छे."

दिवा लावून आलात का, तेलाचा वास येतोय म्हणे. "मासी, बेसो ने तमे," मी तिला बसायला सांगितलं. भाई मात्र थांबला. त्यानं कानाची पट्टी उघडली. आत कापसाचा बोळा, घटाच्या अखंड दिव्याच्या तेलात बुडवलेला. आईनं सकाळी घरून आणून देवीचं नाव घेऊन ठेवला होता. आमच्याकडे ठेच लागली तरी तेच तेल. भाईचा चेहरा उतरला. "अंदर तेल मतलब आग, काका."

मी वळून बघितलं तर बाक रिकामा. असेल कुणाची नातेवाईक, बस गाठायची असेल. आई म्हणते देवीच. मी वाद घालत नाही. सगळ्यांवर संशय घेत मी पहारा देत होतो, आणि नेमका तो बोळा माझ्या नजरेतून सुटला. दुसऱ्या दिवसापासून पेटीचं दार लागताना मी हात जोडायला लागलो. कुणाला, ते विचारू नका.

दिवाळीनंतर कान सुकला, बाबा घरी आले. एकदा ते जेवत असताना सवयीनं उजव्या बाजूला बसून मी अगदी हळू म्हातारी काढली, "तेलनी वास आवे छे."

बाबांनी गर्रकन मान वळवली. "गधडा, जिनी माले वाचाडं, तिनी नक्कल करस?"

उजव्या कानानं ऐकलं! आईचा भाकरीवरचा हात थांबला. तिनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले, मग मीही जोडले. जिनं वाचवलं तिचीच नक्कल, म्हणून बाबा तेवढ्यानं थांबले नाहीत. ती सगळी बोलणी मी उजव्याच बाजूला बसून पोटभर खाल्ली.