बिनघडीची नोट

बँकेत त्यांना सगळे 'करकरीत' म्हणत. तोंडावर 'कॅशियरसाहेब', पाठ वळली की करकरीत. नाव उगाच पडलं नव्हतं. उभी हयात नोटा मोजण्यात गेली, पण मळकी नोट हातात आली की गृहस्थ असं तोंड करायचे, की खिडकीपलीकडच्या गिऱ्हाइकाला वाटावं, आपण चुकून मेलेला उंदीर सरकवला की काय! कोरी नोट आली की मात्र स्वारी खूश. कानाजवळ नेऊन वाजवायची, उजेडात धरायची, आणि काही खास दिसलं तर खिशातली स्वतःची नोट गल्ल्यात टाकून ती उचलायची. व्यवहार चोख, बोट ठेवायला जागा नाही. साहेब लोकांनासुद्धा तक्रार करता यायची नाही, मग ते नुसतेच हसायचे.

निवृत्त झाले तेव्हा घरात नोटांचे जाडजूड अल्बम होते आणि एक कपाट त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. उन्हानं नोटेचा रंग उडतो, म्हणून त्या खोलीची खिडकी कायमची बंद. बायकोनं आत पंखा लावला तरी हे बाहेरून ओरडणार, "अगं, पानं उडतील!" तिला अल्बमला हात लावायची मुभा नव्हती. "तुझे हात ओले असतात," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आता भांडी कोण घासतं, कपडे कोण पिळतं, हात ओले कुणामुळे असतात, हा विचार त्यांच्या डोक्याला कधी शिवला नाही.

बरं, कोऱ्याचं वेड नोटांपाशी थांबलं असतं तरी निभावलं असतं. सोफा घरात आला त्या दिवशीचं प्लास्टिक अजून त्याच्या अंगावर होतं. पाहुणा बसला की कर्र, उठला की चर्र. टीव्हीचा रिमोट पिशवीत. फुलाफुलांचे सहा कप काचेच्या कपाटात मानानं बसलेले, आणि नवराबायको टवके उडालेल्या दोन कपांतून चहा पिणार. "वापरली की वस्तूची किंमत गेली," असं ते म्हणायचे, आणि असं म्हणायचे की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. बायको पहिल्या पहिल्यांदा डोलवायचीही. मग तिनं सोडून दिलं.

आणि ती सुटकेस. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आणली होती, निळी, चाकांची. बायकोनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "जाऊ की समुद्रावर, त्यासाठीच तर आणलीय," असं हे स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते. मग सुटकेस प्लास्टिकसकट पलंगाखाली गेली. पहिल्या वर्षी घराला रंग द्यायचा होता, दुसऱ्या वर्षी गुडघा दुखत होता, आणि पुढं पुढं तर कारणसुद्धा सांगेनासे झाले. बायको झाडताना सुटकेस पुढं ओढायची, फडक्यानं पुसायची, आणि परत ढकलायची.  समुद्र तिच्या मनातून गेला नव्हता, हे कुणालाही कळलं असतं. यांना कळलं नाही.

त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अगदी उलट्या डोक्याचा. बसमध्ये कंडक्टर होता. त्याला नाण्यांचा नाद, म्हणून त्याचं नाव खुर्दा. त्याची नाणी बिस्किटांच्या डब्यात असायची, आणि जो घरी येईल त्याच्या तळहातावर तो ती ओतायचा. "घ्या, घ्या, हातात घ्या, चावत नाहीत!"

दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत नोटा-नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरायची. तिथं हे दोघे समोरासमोर बसायचे, आणि तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून लागायचं.

"भाऊजी, हे बघा," खुर्दा एक नाणं पुढं करायचा. "झिजून झिजून यावरच्या राजाचं नाक गेलंय. किती हातांतून फिरलं असेल!"

"म्हणजे किती हातांची घाण असेल ते सांगा," करकरीत म्हणायचे. "पैसा असावा तर असा, एकही घडी नसलेला."

"घडी नाही म्हणजे नोट खिशात गेली नाही. खिशात गेली नाही म्हणजे कुणाच्या कामाला आली नाही. मग तो पैसा कसला? नुसता रंगीत कागद!"

"कागद म्हणणाऱ्यानं आपले पत्र्याचे तुकडे सांभाळावेत!"

बाकीची मंडळी चहा पीत ऐकायची. कुणी मध्ये पडत नसे, कारण त्याशिवाय बैठकीला येण्यात काही राम नव्हता.

या करकरीतांच्या सगळ्या नोटांत एक नोट त्यांचा जीव की प्राण होती. शंभराची. छापताना चूक होऊन तिच्या दोन कोपऱ्यांवरचे क्रमांकाचे आकडे वेगवेगळे पडले होते. बैठकीत त्यांनी ती एकदाच दाखवली, तीही लांबून. तेवढ्यानं खुर्द्याचीसुद्धा बोलती बंद झाली होती. पुढं शेजारच्या इमारतीत चोरी झाली आणि यांचा डोळ्याला डोळा लागेना. कपाट तर चोर पहिलं फोडणार. मग यांनी डोकं चालवलं. नोट कडक प्लास्टिकमध्ये ठेवली तर चोराला कळेल, ही खास आहे. म्हणून ती साध्या पांढऱ्या पाकिटात घातली, आणि पाकीट घरातल्या अशा एकमेव जागी ठेवलं, जिथं कुणाचा हात कधीच जाणार नव्हता. निळ्या सुटकेसच्या आतल्या कप्प्यात. वरचं प्लास्टिक परत जसंच्या तसं चिकटवून टाकलं. काय हुशारी!

त्या वर्षी खुर्दा आणि त्याची बायको समुद्रावर निघाले. दर वर्षी निघायचे, दर वर्षी बोलवायचे. या खेपेला बायको नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी जातेय."

"जा की. मी कुठं अडवलंय? मला अल्बम सोडून हलता येत नाही, एवढंच." मग यांना आठवलं. "आणि कापडी पिशवी ने हं. सुटकेस कोरी आहे."

 "बरं," ती म्हणाली.

रविवारी हे बैठकीला गेले. खुर्द्याची खुर्ची रिकामी होती, म्हणून नोटांची बाजू यांनी एकट्यानं मांडली आणि वाद सपाटून जिंकला. खुशीत घरी आले. पलंगावर सुटकेसचं प्लास्टिक होतं. नीट चौकोनी घडी घालून ठेवलेलं. शेजारी कापडी पिशवी, रिकामी.

करकरीत मटकन मागच्या सोफ्यावर बसले. सोफा कर्रर्र वाजला.

मग सुरू झाले फोन. बायकोचा फोन वाजून वाजून बंद होत होता. तो सुटकेसमध्ये कपड्यांच्या तळाशी, आपल्या मूळ खोक्यात होता. जपायची शिकवण यांचीच. खुर्दा फोन घरी विसरून जाणाऱ्यांपैकी. दिवसभर या माणसानं घरात येरझारा घातल्या. चहा करायला गेले तर साखरेचा डबा सापडेना. तो सापडला तर दूध उतू गेलं. राग आला, आधी बायकोचा, मग चोराचा, जो आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा हे दाढीसुद्धा न करता त्याच्यासमोरच बसले होते.

"अहो, मी बोलतेय. सुटकेस आणली म्हणून रागावलात ना?" मागून लाटांचा आवाज येत होता.

"सुटकेस जाऊ दे! त्यातलं..."

"पाकीट सापडलं मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काल रात्री कपडे लावताना. अहो, तुम्ही तोंडानं काही बोलला नाहीत, आणि माझ्यासाठी गुपचूप पैसे ठेवलेत. मी पिशवी नेणार नाही, हेसुद्धा तुम्हाला ठाऊक होतं. मी काय काय मनात आणत होते तुमच्याबद्दल! मला रडूच आलं बघा. वहिनी विचारते, काय झालं, तर मला सांगताच येईना."

करकरीतांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. 

"कोरी नोट दिलीत, तुमची आवडती. किती जीवावर आलं असेल! हरवू नये म्हणून मी चार घड्या घालून रुमालाच्या गाठीत बांधली. मघाशी लाट आली तेव्हा जरा भिजलीय. चालेल ना?"

चार घड्या. आणि भिजलेली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ताई, दे जरा इकडं," खुर्द्याचा आवाज आला. मग तो बाजूला गेला असावा, कारण लाटांचा आवाज कमी झाला. "भाऊजी, मी आत्ता बघितली नोट. आकडे वेगवेगळे आहेत." पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "तिला होडीत बसायचंय. माझ्याकडं खिसाभर सुटे आहेत, पण ती ऐकेना. म्हणते, मी यांच्याच पैशांनी बसणार. तुम्ही एक शब्द टाका, मोडू नको म्हणून. नोट वाचेल. बाकी मग तुमचं तुम्ही तिला काय ते सांगा."

 नोट अजून तिच्या मुठीत होती. भिजली असो, चुरगळली असो, ते आकडे कुठं जात नव्हते. एक शब्द, बस्स. आणि त्या एका शब्दानं तिला कळलं असतं की पाकीट तिच्यासाठी नव्हतं, नोट तिच्यासाठी नव्हती, आणि सुटकेससुद्धा तिच्यासाठी नव्हती. समोर पलंगावर ते घडी घातलेलं प्लास्टिक होतं. जाताना रागात होती, तरी नीट घडी घालून गेली होती. त्यांना वाईट वाटलं. स्वतःचंच वाईट वाटलं, आणि मग लाज वाटली.

"अहो, ऐकताय ना?" फोन परत तिच्याकडं आला होता. "होडीवाला थांबलाय. मोडू ना नोट?"

"मोड," ते म्हणाले.

"काय? लाटांमुळं ऐकू नाही आलं!"

आता एवढं बळ एकदाच कसंबसं आलेलं. ते दुसऱ्यांदा कुठून आणायचं? पण आणलं.

"मोड म्हटलं ना! आणि उरतील ते परत आणू नकोस, खर्च कर. फक्त एक नाणं ठेव माझ्यासाठी. कुठलंही चालेल."

ती घरी आली ती उन्हानं रापून, सुटकेसची चाकं वाळूनं भरलेली. तिनं त्यांच्या हातावर एक नाणं ठेवलं. ओल्याच हातानं. त्यांनी ते पुसलं नाही.

पुढच्या रविवारी खुर्द्यानं सवयीनं विषय काढला. कोरी नोट मोठी की झिजलेलं नाणं? मंडळी चहाचे पेले घेऊन सरसावून बसली.  करकरीतांचा हात खिशात होता, आणि आत काहीतरी उलटंपालटं होत होतं.

"भाऊजी, काय चाललंय खिशात?" खुर्द्यानं विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "सिंहाचं नाक कधी झिजतंय ते बघतोय."