न्यू लिनचा सोमवार

माझी लेक उत्तरा पळायला लागली ती शाळेत. न्यूझीलंडमध्ये थंडीत सगळ्या शाळांच्या क्रॉस कंट्री शर्यती होतात. गवतातून, चिखलातून पोरं अनवाणी धावत सुटतात. आम्ही डोंबिवलीहून न्यू लिनला आलो तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि पहिल्याच शर्यतीत गुडघ्यापर्यंत चिखल माखून तिसरी आली. मी शाबासकी देण्याआधी युनिफॉर्मवरून तिला झापलं. माझा नवरा परेश म्हणतो, दमयंती आधी ओरडते आणि काय झालं ते मग विचारते. खरं आहे ते.

पोरगी मात्र शांत. उलट उत्तर देणं तिला ठाऊकच नाही. शर्यतीतही सुरुवातीला मागे असायची, कुणाच्या नजरेत न येता, आणि शेवटच्या चढावर एकेकीला गाठत पुढे जायची. बारावीनंतर तिने अमेरिकेतल्या एका कॉलेजला अर्ज केला. पळणाऱ्या मुलींना तिथे स्कॉलरशिप मिळते हे तिनेच शोधून काढलं होतं. दोन महिने पत्र आलं नाही. ती रोज पत्रपेटी उघडून बघायची आणि काही न बोलता सरावाला जायची. मला ते बघवेना. एका सकाळी मी देवापुढे हात जोडून बोलून गेले, "पत्र येऊ दे, पोरगी तुझे सोळा सोमवार करील."

पत्र आलं. मी करीन असं मी म्हटलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. आमच्याकडे नवस असेच बोलतात. आई बोलते, लेकरू फेडतं. देव भावाचा भुकेला असतो, हे मी इथल्या मराठी महिला मंडळातल्या बायकांना ऐकवते, पण स्वतःवर वेळ आली की मला नियम लागतात. दिवसभर पाण्याशिवाय काही नाही, संध्याकाळी पूजा झाली की मग जेवण. आणि एक जरी सोमवार मोडला, तरी पुन्हा पहिल्यापासून.

ऑगस्ट २००६ मध्ये ती गेली. श्रावणातला शेवटचा सोमवार गाठून सुरुवात करायची ठरली, तेव्हा तिने फोनवर विचारलं, "आई, सोमवार इथला की तिथला?" प्रश्न रास्त होता. आमचा सोमवार उजाडतो तेव्हा तिथे रविवार असतो. मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "नवस इथे बोललाय, म्हणजे इथलाच." मला वाटलं, मी इथे पूजा करीन, ती तिथे उपाशी असेल, दोघींचं एकत्र होईल. किती छान, असंही वाटलं.

रविवार म्हणजे त्यांच्या लांब पळण्याचा दिवस. सकाळी बारा मैल, चढउताराचे; बाकीच्या मुली थोडं खाऊन निघायच्या, उत्तरा उपाशी. मग साऱ्या मुली एकत्र बसून भरपेट नाश्ता करायच्या. उत्तरा प्रार्थना आहे म्हणून खोलीवर जायची आणि संध्याकाळपर्यंत पाण्यावर राहायची. हे मला माहीत होतं. तिने सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, सहज. मी म्हणाले, "थोडं हळू पळ." न्यू लिनच्या स्वयंपाकघरात बसून मी उंटावरून शेळ्या हाकत होते.

त्यांच्या संघात सात जणी धावतात आणि पहिल्या पाच जणींचे क्रमांक संघाच्या निकालात धरतात. उत्तरा पाचवी होती, म्हणजे तिचा क्रमांक धरला जाणारा होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी त्यांची मोठी शर्यत होती. फोनवर तिचा आवाज वेगळाच यायचा त्या दिवसांत, मोकळा. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

शर्यतीच्या सहा दिवस आधी, दहाव्या सोमवारी, म्हणजे तिथल्या रविवारी, ती पडली. घोट्याचं हाड मोडलं. चिखलात घसरले, म्हणाली. परेशने विचारलं, दुखतंय का. मी विचारलं, "उपासात काही खाल्लं होतंस का?"

ती म्हणाली, "हो. केळं खाल्लं."

मला वाटलं, सापडलं कारण. दहाव्या सोमवारी, एका केळ्यासाठी! मी तिला नको नको ते बोलले. पुन्हा पहिल्यापासून कर, असं बजावलं आणि फोन ठेवला. पुढचे दोन आठवडे तिच्याशी परेशच बोलला. मंडळात मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या मुलीने व्रत मोडलं आणि पाय मोडून घेतला. सुमेधा नावाची माझी मैत्रीण आहे, तिने मध्येच विचारलं की पोरगी आता कशी आहे. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

डिसेंबरात ती सुट्टीला आली, कुबडी घेऊन. गाल बसले होते. आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी मी तिला फिजिओकडे नेलं. तिथल्या बाईंनी कॉलेजच्या डॉक्टरांचं पत्र वाचलं आणि सरळ विचारलं, "चक्कर अजून येते का?" मी म्हटलं, चक्कर कसली, ती घसरली होती. बाईंनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं की दहाव्या मैलाला चढावर मुलगी बेशुद्ध होऊन पडली, आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. उत्तरा जमिनीकडे बघत होती.

बाहेर गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आणि केळं?"

"केळं नव्हतंच गं, आई."

"मग खोटं का बोललीस?"

"तू विचारलंस ना, काय चुकलं ते. I thought, चूक माझी असली की तू नुसती रागावशील. उपासाने झालं म्हटलं असतं तर तू..." पुढे तिला मराठी सुचेना, इंग्रजीही सुचेना.

ती जिथे थांबली, तिथे मी आज आहे, स्वतःला दोष देत. तिला सगळं ठाऊक होतं. मोडका पाय घेऊन, हजारो मैलांवर, एकटी पडलेली असताना तिने आधी माझा विचार केला, आणि मी केळ्याचा.

मग मला एकदम आठवलं, आज सोमवार. सकाळपासून ती पाण्यावर होती आणि मीच देवापुढे फुलं वाहून तिला घेऊन आले होते. मी विचारलं, "हा कितवा?"

"आठवा."

म्हणजे हाड जुळत होतं तेव्हाही, दर आठवड्याला. मी सांगितलं होतं म्हणून. मी गाडीतून उतरले, कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम चीज स्कोन, इथले छोटे खारे पाव, आणले आणि एक तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "आई, मोडेल." मी म्हणाले, "मोडू दे." नवस बोलले मी. देवाला काही विचारायचं असेल तर त्याने मला विचारावं.

तिने स्कोन अक्षरशः चार घासांत संपवला. बोटांना लागलेलं लोणीही सोडलं नाही. मग पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अजून एक घेऊ?"

एकोणीस वर्षांची माझी मुलगी, भूक लागली म्हणून माझी परवानगी मागत होती. मी अख्खी पिशवीच तिच्या मांडीवर ठेवली आणि ती खात असताना दुसरीकडे बघत राहिले.