फितीत अडकलेला शब्द
मशीनच्या तेलाचा वास आला की मला सोलापूरच्या तार ऑफिसातली सत्तरच्या दशकातली एक तापलेली दुपार आठवते. मी नोकरीत नवा होतो, म्हणजे अर्थातच सर्वज्ञ. पुण्याहून येणारी तार टेलिप्रिंटरवर "मुलगी झाली, बायको" इतकीच उमटली आणि लाइन गेली. जिच्याबद्दल तार होती तिचा नवरा, एक विणकर, समोरच उभा. "सायेब, बायकूचं काय? पुढं काय हाय?" एवढंच तो विचारत राहिला. तारमास्तर म्हणाले, "लाइन मेलीय, आता वाट बघायची." मी ऐटीत म्हणालो, "थांबा की, येणारी तार आधी कागदी फितीवर छिद्रांनी टिपली जाते, कधीकधी शेवटचा शब्द त्या फितीत अडकून राहतो." फीत पुढं सरकवायचं बटण दाबलं. मशीन खडखडलं आणि शब्द उमटला, 'सुखरूप'. विणकर रडत-हसत पुण्याची गाडी पकडायला स्टेशनकडे पळाला आणि मी कॉलर ताठ केली. संध्याकाळी मी चहा पीत असताना लाइन जुळली. पुण्याकडून आधी निरोप आला, "लाइन तुटली तेव्हा 'बायको'पर्यंतच पाठवलं होतं, पुढचा शब्द आत्ता घ्या." मशीन पुन्हा खडखडलं, 'सुखरूप'. चहा माझ्या पँटीवर. मास्तरांनी दुपारची फीत उजेडात धरली. 'बायको'च्या पुढं एकही छिद्र नव्हतं. "लेका, मग दुपारी तो शब्द उमटला तरी कुठनं?" ते हळूच म्हणाले. आता घरातला रेडिओ बंद पडला, तरी बटण दाबून आत काही उरलंय का हे बघायला मी बायकोलाच पुढं करतो.